भाकरी, रस्सा आणि तीन प्रकारच्या शेगड्या : दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या दसऱ्याला आम्ही कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या घराचे स्वयंपाकघर नव्याने करून घेतले आणि त्याच वेळी १४ वर्षे वापरलेली दोन बर्नरची स्टीलची शेगडी बदलायचे ठरवले. त्यासाठी चार दुकाने फिरले. प्रत्येक ठिकाणी काचेचा रंग, हप्ते आणि सवलत यांविषयी भरपूर सांगण्यात आले, पण ‘तुमच्या घरी रोज काय शिजते?’ असे एकाही ठिकाणी विचारले गेले नाही. दहा महिन्यांच्या वापरानंतर माझी खात्री झाली आहे की शेगडी निवडताना पहिला प्रश्न हाच असायला हवा, कारण चहा, भात आणि वरण एवढाच स्वयंपाक असलेल्या घराला जी शेगडी उत्तम ठरेल, तीच रोज भाकरी थापणाऱ्या आणि आठवड्याला मटण शिजवणाऱ्या घराची अडचण करून ठेवू शकते.

आमच्या घरी पाच माणसे आहेत. रोज १२ ते १५ ज्वारीच्या भाकरी होतात, बुधवारी किंवा रविवारी तांबडा-पांढरा रस्सा असतो आणि सासूबाईंचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. सासऱ्यांना पेसमेकर बसवलेला आहे, आणि पुढे दिसेल की शेगडीच्या निर्णयात या गोष्टीलाही स्थान द्यावे लागले. आम्ही काचेच्या पृष्ठभागाची, पितळी बर्नर असलेली तीन बर्नरची गॅसची शेगडी आणि २००० वॅटचे इंडक्शन विकत घेतले. विजेवर काच तापवणारी इन्फ्रारेड शेगडी माझ्या भावाकडे पडून होती, ती दोन महिन्यांसाठी मागून आणली आणि तिन्हींवर आमचा नेहमीचाच स्वयंपाक करून पाहिला.

सुरुवात भाकरीपासून करते, कारण आमच्या घरात निकाल तिथेच लागला. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्यात मळून, थापून, तव्यावर टाकून वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवला, की ते पाणी सुकायच्या आत भाकरी उलटावी लागते. दुसरी बाजू भाजली, की तवा बाजूला सारून ती थेट आचेवर धरायची. तिथे आतल्या वाफेने पापुद्रा सुटतो आणि भाकरी टम्म फुगते. इंडक्शनवर यातली शेवटची पायरी मुळातच नाही, कारण तिथे ज्वाळ नसते. तव्यावरच फडक्याने दाबून भाकरी फुगवता येते आणि पाचांपैकी तीन भाकरी बऱ्या होतातही, परंतु कडा कच्च्या राहतात. त्याचे कारण असे, की इंडक्शनच्या काचेखाली असलेली तांब्याच्या तारेची गुंडाळी साधारण सहा-सात इंच रुंद असते आणि तेवढ्याच भागातले लोखंड तापते. आमचा भाकरीचा तवा ११ इंचांचा आहे. मध्यभागी डाग पडेपर्यंत कडेला पिठाचा रंगही बदललेला नसतो. तिसऱ्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, ह्यावर भाकरी शिजतीया, भाजत न्हाई.’ इतक्या नेमक्या शब्दांत मला ते सांगता आले नसते.

पुढे मी बिडाचा जाड तवा आणून पाहिला. तो मंद आचेवर आठ-दहा मिनिटे आधी तापवून ठेवला तर उष्णता कडेपर्यंत पोहोचते आणि भाकरी निश्चित सुधारते. मात्र पातळ लोखंडी तवा इंडक्शनवर एकदम मोठ्या आचेवर ठेवू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मधला भाग झपाट्याने तापून प्रसरण पावतो, कडा थंडच राहतात आणि तव्याच्या तळाला कायमचा फुगवटा येतो. आमचा एक जुना, चांगला तयार झालेला तवा असाच वाया गेला आणि त्याची हळहळ मला अजून आहे.

दुसरी परीक्षा रश्श्याची. मटण शिजवून काढलेल्या अळणी पाण्यात नारळाचे दूध आणि तीळ, खसखस व काजूचे वाटण घालून पांढरा रस्सा केला जातो. दूध घातल्यानंतर त्याला खळखळून उकळी येता कामा नये, नाहीतर ते फुटते आणि रश्श्यावर कण तरंगू लागतात. इंडक्शनवर तर आकडे दाबून आच कमी करता येते, तेव्हा हे काम तिथे सोपे जाईल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात उलटे झाले. आमच्या इंडक्शनवर ३०० वॅट लावले की ते सलग ३०० वॅटवर चालत नाही. काही सेकंद १००० वॅटच्या आसपास चालते, मग बंद पडते, पुन्हा चालते, आणि सरासरी ३०० भरते. पातेल्यात पाहिले तर बुडबुडे एकदम उसळतात आणि लगेच शांत होतात. त्या उसळीतच पहिल्यांदा माझा रस्सा फुटला, तोही पाहुणे पंगतीला बसलेले असताना. महागड्या उपकरणांत कमी आचही सलग मिळते, पण घरोघरी दिसणाऱ्या साध्या इंडक्शनमध्ये बहुधा ही थांबत-थांबत चालणारी पद्धतच असते. जाड, तीन थरांच्या बुडाच्या पातेल्यात हा दोष पुष्कळ झाकला जातो, कारण बूड स्वतःच उष्णता धरून ठेवते. तरीही पांढऱ्या रश्श्यासाठी आता मी गॅसचा सर्वांत लहान बर्नर आणि अगदी बारीक ज्योत हीच जोडी वापरते.

तांबड्या रश्श्याचे वाटण तेल सुटेपर्यंत परतायचे असते आणि ते आमच्याकडे खोलगट, गोल बुडाच्या कढईत होते. अशी कढई इंडक्शनवर नीट बसतच नाही. सपाट बुडाची नवी कढई आणली, तर मसाला मध्यभागी वर्तुळाकार चिकटू लागला. कांदा आणि सुके खोबरे जाळावर काळपट होईस्तोवर भाजणे, भरताचे वांगे, पापड, ही कामे तर ज्वाळेशिवाय होतच नाहीत. शिवाय फोडणीचे छोटे कढले इंडक्शनला ओळखूच येत नाही. साधारण १२ सेंटिमीटरपेक्षा लहान बुडाचे भांडे ठेवले की ते नुसते टूं-टूं करत राहते. एकदा मोठ्या भांड्यात फोडणी करायला गेले, तर अर्ध्या मिनिटात तेलातून धूर आला आणि मोहरी तडतडण्याऐवजी करपली. रिकामे किंवा थोडेसेच तेल असलेले भांडे इंडक्शनवर किती वेगाने तापते, याचा अंदाज गॅसवर हात बसलेल्या माणसाला यायला काही आठवडे जावे लागतात.

एवढे वाचून इंडक्शन घेऊच नये असे माझे मत झाले असेल, असे कोणी समजू नये. ते परत करावे असा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. पाणी, दूध, चहा, अंडी उकडणे, बटाटे उकडणे आणि कुकर, म्हणजे ज्या ज्या कामात काही ‘उकळायचे’ असते, त्या सर्व कामांत ते गॅसच्या पुढे आहे. दोन लिटर पाण्याला उकळी यायला आमच्या इंडक्शनवर सुमारे सात मिनिटे लागतात आणि गॅसच्या मोठ्या बर्नरवर दहा. इंडक्शनमध्ये काच तापत नाही; गुंडाळीतून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज वाहते, तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडातच प्रवाह निर्माण होतात आणि बूड स्वतः तापते. गॅसवर बरीचशी उष्णता भांड्याच्या बाजूंनी वर निघून जाऊन स्वयंपाकघर तापवते. एप्रिल-मे महिन्यांत हा फरक अंगावर जाणवला. गॅस पेटलेला असताना पंखा लावता येत नाही; इंडक्शनवर कुकर ठेवून डोक्यावर पंखा सुरू ठेवता येतो. दुपारी एक वाजता ओट्याशी उभे राहणाऱ्या बाईला ही गोष्ट किती मोलाची आहे, ते कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.

कुकरच्या बाबतीत एक पद्धत बसवावी लागली. पूर्ण आचेवर पहिली शिट्टी फार लवकर होते आणि डाळीचा फेस शिट्टीतून बाहेर येतो. म्हणून मी सुरुवातीला १४०० वॅट ठेवते आणि पहिल्या शिट्टीनंतर लगेच ६०० वर आणते. दुधासाठी वेळ लावून ठेवता येते, त्यामुळे दूध उतू जाणे जवळजवळ थांबले. गॅसवर दूध उतू गेले की ते बर्नरच्या छिद्रांत जळून बसते, हवा आणि गॅस यांचे मिश्रण बिघडते, ज्योत निळीची पिवळी होते आणि भांडी बाहेरून काळी होऊ लागतात. तशी ज्योत दिसली तर बर्नर काढून, धुऊन, पूर्ण वाळवून बसवावा. परंतु आतल्या जेटच्या छिद्रात जाड सुई घालू नये, कारण ते छिद्र मोठे झाले की गॅस कायमचा जास्त येऊ लागतो.

भांड्यांचा खर्च मात्र आधीच हिशेबात धरावा. ॲल्युमिनियम, तांबे आणि पितळ इंडक्शनवर चालत नाही, आणि स्टीलचीही सगळी भांडी चालत नाहीत. आमचा ॲल्युमिनियमचा कुकर, सासूबाईंची कल्हईची पितळी पातेली आणि हिंडालियमची सगळी भांडी बाजूला पडली. महाद्वार रोडला भांडी घ्यायला गेले तेव्हा फ्रिजवरचे एक लोहचुंबक पिशवीत टाकून नेले आणि प्रत्येक भांड्याच्या बुडाला लावून पाहिले. चुंबक घट्ट चिकटले तर भांडे घ्यावे. नुसते अडखळल्यासारखे लागले तर घेऊ नये, कारण तसे भांडे तापते पण सावकाश. कुकर, दोन पातेली आणि कढई मिळून झालेला खर्च इंडक्शनच्या किमतीपेक्षा जास्त झाला.

विजेच्या जोडणीविषयीही सांगते. २००० वॅटचे इंडक्शन सुमारे ९ अँपिअर वीज ओढते. मिक्सर लावतो त्या ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर ते कधीही चालवू नये. आमच्या वायरमनने मुख्य बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार ओढून १६ अँपिअरचा प्लग बसवला आणि त्यासाठी नवीन फरशीची एक पट्टी फोडावी लागली. ओट्याचे काम सुरू असतानाच हे करून घेतले असते तर ती फरशी वाचली असती. सहाव्या महिन्यात इंडक्शनचा आतला पंखा घरघरू लागला आणि यंत्र पाच मिनिटांत आपोआप बंद पडू लागले. दुरुस्ती करणाऱ्याने उघडून दाखवले तेव्हा पंख्यावर तेलकट धुळीचा थर होता आणि एका कोपऱ्यात मेलेली झुरळे होती. आतली ऊब झुरळांना मानवते आणि त्यांच्यामुळे सर्किटही जळू शकते. तेव्हापासून रात्री प्लग काढून ते उभे करून ठेवतो, आणि फोडणीची शेगडी त्याच्यापासून दूर ठेवली आहे.

आता पैशांचा हिशेब, कारण ‘इंडक्शन स्वस्त पडते का?’ हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला. पूर्वी आमचा १४.२ किलोचा सिलिंडर ३२ दिवस पुरत असे, आता ४५ दिवस पुरतो. त्याच वेळी विजेच्या बिलात महिन्याला ३५ ते ४० युनिट वाढले. एका किलो गॅसमध्ये विजेच्या भाषेत सांगायचे तर जवळजवळ १३ युनिटांइतकी उष्णता असते, म्हणजे सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट. प्रमाणित शेगडीची कार्यक्षमता तपासणीत किमान ६८ टक्के असावी लागते, परंतु घरी मोठ्या ज्योतीवर लहान भांडे ठेवण्याच्या आपल्या सवयीमुळे ती ६० टक्क्यांच्या आसपास धरलेली बरी. इंडक्शनची ८५ टक्के धरली, तर एका सिलिंडरचे काम करायला १३० युनिटांच्या आत-बाहेर वीज लागते. म्हणून सिलिंडरच्या किमतीला १३० ने भागावे. सिलिंडर ९१० रुपयांना मिळत असेल तर उत्तर ७ रुपये येते. तुमच्या बिलातला युनिटचा दर, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून, ७ रुपयांपेक्षा कमी असेल तर इंडक्शन स्वस्त, जास्त असेल तर गॅस स्वस्त.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो आणि १०१ ते ३०० या टप्प्याचा दर त्याहून बराच जास्त असतो. आमच्या घरी फ्रिज, पाण्याची मोटर आणि पंखे यांतच पहिले १०० युनिट संपतात. त्यामुळे इंडक्शनचा प्रत्येक युनिट दुसऱ्या टप्प्यात मोजला जातो आणि आम्हाला गॅसच स्वस्त पडतो. दोघांचेच कुटुंब असेल, वापर १०० युनिटांच्या आत राहत असेल, तर हिशेब इंडक्शनच्या बाजूने झुकू शकतो. आमच्या शेजाऱ्यांनी पंतप्रधान सूर्यघर योजनेतून छतावर ३ किलोवॅटचे सौर पॅनेल बसवले आहेत, त्यासाठी ७८,००० रुपये अनुदान मिळते. त्यांच्या घरी दिवसा इंडक्शन चालवणे निःसंशय फायद्याचे आहे. आम्ही मात्र ते सोयीसाठी वापरतो आणि त्या सोयीचे थोडे पैसे मोजतो.

इन्फ्रारेड शेगडीबद्दल थोडक्यात लिहिते. तिचा मोठा गुण म्हणजे तिला कोणतेही सपाट बुडाचे भांडे चालते, त्यामुळे बाजूला पडलेली ॲल्युमिनियमची पातेली पुन्हा कामाला आली. जाळी ठेवून पापड आणि वांगेही भाजता आले. पण तिच्यात आधी काच तापते आणि मग भांडे. पाणी उकळायला गॅसइतकाच वेळ लागला. बंद केल्यावरही काच बराच वेळ चटका देते, आणि मुलाचे बोट तिथेच भाजले. उतू गेलेले दूध काचेवर करपून बसते, ते काढायला रात्रभर भिजवावे लागले. गॅस नसलेल्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला, ज्याच्याकडे साधीच भांडी आहेत, त्याला ती उपयोगी पडेल. आम्ही ती भावाला परत केली.

गॅसच्या शेगडीत काच की स्टील, यावर माझे मत खरेदीच्या वेळेपेक्षा बदलले आहे. काच पुसायला सोपी आहे आणि दिसायलाही सुरेख आहे. पण मोठे, रुंद पातेले तासभर ठेवले की त्याच्या बुडाखालची उष्णता खाली काचेवर परततेच, आणि अशा तापलेल्या काचेवर गार पाणी सांडले तर ती फुटू शकते. आमची फुटलेली नाही, परंतु माझ्या जाऊबाईंची फुटली, आणि कडक केलेली काच असल्यामुळे तिचे बारीक बारीक तुकडे ओटाभर पसरले; शिजलेले सगळे अन्न टाकून द्यावे लागले. ज्या घरात आठवड्याला आठ लिटरचे पातेले चढते, त्या घराने स्टीलच घ्यावे, असे मी आता सांगेन. पितळी बर्नर मात्र जरूर घ्यावेत. ते जड असतात, आचेने वाकत नाहीत आणि दहा महिन्यांत त्यांची छिद्रे जशीच्या तशी आहेत.

माझी खरी तक्रार तिसऱ्या बर्नरविषयी आहे. दोन्ही बाजूंना मोठी भांडी ठेवली की मधल्या बर्नरवर चहाचे भांडेसुद्धा मावत नाही. तीन बर्नरचे पैसे देऊन ऐन गर्दीच्या वेळी आम्ही दोनच वापरतो. दुकानात जाताना घरातला सर्वांत मोठा तवा आणि पातेले सोबत न्यावे आणि शेगडीवर प्रत्यक्ष ठेवून पाहावे. दुकानदार नाही म्हणत नाहीत. ओट्यात बसवायच्या हॉबचा विचारही आम्ही केला होता. त्याची उंची कमी असल्याने ढवळताना खांदे भरून येत नाहीत, हा फायदा मोठा आहे. पण त्यासाठी ग्रॅनाइट कायमचे कापावे लागते, आणि पुढे दुसऱ्या मापाचा हॉब घ्यायचा झाला तर ते भोक बदलता येत नाही.

कोल्हापुरात राहणाऱ्याने आणखी एक विचार करावा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, बाहेरून येणारी वाहने थांबली आणि शहराच्या बऱ्याच भागांत वीजही नव्हती. घरात नुसते इंडक्शन असते तर त्या दिवसांत चहासुद्धा झाला नसता. एकच सिलिंडर असलेल्या ओळखीच्या कुटुंबांची काय तारांबळ उडाली, ते मी पाहिले आहे. म्हणून इंडक्शन घेतल्यावर दुसरा सिलिंडर परत करावा, असा विषय घरात निघाला तेव्हा मी त्याला ठाम नकार दिला, आणि पंचगंगेचे पाणी वाढल्याच्या बातम्या सुरू झाल्या की एक सिलिंडर भरलेला आहे ना, हे मी आजही आधी पाहते.

आमची सध्याची मांडणी अशी आहे. गॅसची शेगडी खिडकीशी आहे आणि इंडक्शन ओट्याच्या दुसऱ्या टोकाला. हे अंतर मुद्दाम ठेवले आहे, कारण चालू इंडक्शनपासून पेसमेकर किमान दोन फूट दूर असावा, असे डॉक्टरांनी सांगितले. सासरे पूर्वीपासून दुपारचा चहा स्वतः करून घेतात, आणि नवीन यंत्र आले म्हणून त्यांनी स्वयंपाकघरात यायचेच बंद करावे, हे मला पटण्यासारखे नव्हते. भाकरी, फोडणी, भाजणे आणि पांढरा रस्सा गॅसवर. दूध, पाणी आणि कुकर इंडक्शनवर. दुपारी साडेतीनला इंडक्शनचा प्लग काढलेला असतो, आणि खिडकीकडच्या लहान बर्नरवर सासऱ्यांचे चहाचे आधण ठेवलेले असते.